ताप कितव्या दिवसाचा आहे?

जुलै ते ऑक्टोबर या काळात कोकणातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या रुग्णांना काय होतंय ते विचारा. उत्तर जवळजवळ एकच येईल: थंडी वाजून ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, जेवण जात नाही. त्यांच्यातल्या एकाला डेंगी असतो, दुसऱ्याला मलेरिया, तिसऱ्याला लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. कुणाला टायफॉइड, कुणाला स्क्रब टायफस. बऱ्याच जणांना यातलं काहीच नसतं, साधा विषाणूचा ताप असतो आणि तो चार दिवसांत आपसूक जातो.

पहिल्या दोन दिवसांत हे सगळे आजार बाहेरून सारखेच दिसतात, पण आतले जंतू एकमेकांच्या जवळपासचेही नाहीत. डेंगीचा विषाणू, मलेरियाचा परजीवी, लेप्टोचा मळसूत्री जिवाणू, स्क्रब टायफसचा पेशीच्या आत राहणारा जिवाणू आणि आतड्यातून रक्तात शिरणारा टायफॉइडचा जिवाणू. साहजिकच उपचारही निराळे. डेंगीच्या विषाणूवर औषधच नाही. लेप्टोवर साधं पेनिसिलिनही चालतं. स्क्रब टायफसवर मात्र पेनिसिलिन सोडाच, गावोगाव सर्रास टोचलं जाणारं सेफट्रायॅक्झोनही काही करत नाही. त्याला डॉक्सिसायक्लीनसारखं पेशीच्या आत पोचणारं औषध लागतं, आणि ती गोळी सेफट्रायॅक्झोनच्या एका इंजेक्शनपेक्षाही स्वस्त असते.

मग डॉक्टर ओळखतात कसं? ‘रक्त तपासून’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. तापाच्या रुग्णात कुठली तपासणी करायची, तिच्या निकालाचा अर्थ काय लावायचा आणि औषध लागू पडतंय की नाही हे कसं ठरवायचं, या तिन्हींसाठी आधी एक आकडा लागतो: आज तापाचा कितवा दिवस?

तपासणीच्या आधीची तपासणी

समजा, कुडाळजवळच्या एका गावातला पंचेचाळिशीचा शेतकरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायकोबरोबर दवाखान्यात आलाय. संवाद साधारण असा होतो.

“काका, ताप कधीपासून?”

“झाले की चार-पाच दिवस.”

“चार की पाच? पहिली थंडी कधी वाजली?”

इथे बहुधा बायकोच उत्तर देते. “सोमवारी लावणीवरून आले नि रात्री दोन गोधड्या घातल्या अंगावर. मंगळवारी मेडिकलमधून गोळ्या आणल्या.”

“कसल्या गोळ्या? पाकीट आहे का?”

या चार वाक्यांत जे हाती लागतं ते पुढच्या दोन हजारांच्या रिपोर्टांपेक्षा मोलाचं असतं. ताप सोमवारी रात्री सुरू झाला आणि आज शुक्रवार, म्हणजे पाचवा दिवस. माणूस लावणीला चिखलात उतरलेला होता. आणि मंगळवारपासून त्याच्या पोटात काहीतरी गेलंय. ते अँटिबायोटिक असेल तर आज काढलेल्या रक्तात टायफॉइडचा जिवाणू वाढवून दाखवणं अवघड झालंय.

पुढचे प्रश्न असेच गावाकडचे असतात. पायाला भेगा किंवा जखम आहे का? गोठा कोण साफ करतं? घरात उंदीर आहेत? गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन आलात का? शेजारीपाजारी कुणाला ताप आहे? लघवी कमी झालीय का, रंग कसा आहे? लेप्टोचे जिवाणू उंदराच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि कातडीवरच्या बारीक चिरांमधून माणसात शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई पाण्याखाली गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत तिथल्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण वाढले. शेत असो की तुंबलेला रस्ता, जिवाणूला फरक पडत नाही. जिवाणू शरीरात शिरल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे प्रश्न ‘काल कुठे होतात’ हा नसून ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे होतात’ हा असतो.

महिन्यालाही तितकंच महत्त्व. हाच माणूस मार्च महिन्यात, काजू गोळा करून आल्यावर तापला असता आणि दोडामार्गचा किंवा पलीकडच्या गोव्यातल्या सत्तरी भागातला असता, तर यादीत माकडताप वर आला असता. जंगलातल्या गोचिडींतून येणारा हा विषाणू 2015-16 च्या सुमारास या पट्ट्यात पोचला. त्याचा हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंतचा. तीच तक्रार, तोच तालुका, पण दुसरा महिना म्हणजे संशयितांची दुसरी यादी.

नंतर हात लावून तपासणं. डोळे लाल, पण चिपडं नाहीत, हे लेप्टोत पुष्कळदा दिसतं. पोटऱ्या दाबल्या की रुग्ण पाय आखडून घेतो, हेही लेप्टोचंच. प्लीहा हाताला लागतेय का, नाडी-रक्तदाब कसा आहे, मिनिटाला श्वास किती. हे शेवटचं मोजायला घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट लागतं. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच, आणि गंभीर रुग्ण हातचा सुटतो तो बरेचदा इथेच.

आणि एक गोष्ट कपडे बाजूला सारल्याशिवाय सापडत नाही. स्क्रब टायफस पसरवणारी, माइट नावाच्या सूक्ष्म किड्याची अळी मिलिमीटरच्या एक पंचमांश एवढी, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. गवता-झुडपातून ती अंगावर चढते आणि जिथे कपडा घट्ट असतो किंवा घडी पडते तिथे थांबते: कमरेची नाडी, काख, जांघ, बायकांमध्ये स्तनांच्या खाली. चावल्याच्या जागी काही दिवसांनी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, भोवती लालसर कडं. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण तिच्याबद्दल बोलतच नाही. अनेकांना ती आहे हेही माहीत नसतं. घामट जागी तर खपलीही धरत नाही, नुसता उथळ व्रण राहतो. ती सापडली की निदान जवळपास झालंच म्हणून समजा. सापडली नाही म्हणजे स्क्रब टायफस नाही असं मात्र नव्हे, कारण पुष्कळ रुग्णांत ती नसतेच. 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली तेव्हा हे नाव महाराष्ट्रातल्या पेपरांत ठळक झालं. त्याआधीही रुग्ण होते, पण त्यांचा शोध फारसा घेतला जात नव्हता.

रक्तात कधी काय सापडतं

आता रक्ताकडे. संसर्गाच्या तपासण्या ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. एक, खुद्द जंतू किंवा त्याचा तुकडा शोधणाऱ्या. दुसरी, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधणाऱ्या. पहिली गोष्ट रक्तात आधी येते आणि आधी जाते. दुसरी उशिरा येते आणि बराच काळ मुक्काम ठोकते.

डेंगीत हे अगदी स्वच्छ दिसतं. एनएस-1 हे विषाणूचं प्रथिन पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत सापडतं. आयजीएम जातीची प्रतिपिंडं चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली तर त्यातून काहीच कळत नाही, आणि नवव्या दिवशी एनएस-1 निगेटिव्ह आली तरी तेच. ‘डेंगी निगेटिव्ह’ एवढंच लिहिलेला कागद घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो, पण तपासणी कुठली आणि दिवस कितवा हे त्या कागदावर नसेल तर त्याला फारसा अर्थ नाही. शिवाय ज्यांना पूर्वी डेंगी होऊन गेलाय त्यांच्यात एनएस-1 लवकर नाहीशी होते किंवा सापडतच नाही. दुसऱ्या खेपेचा डेंगी जास्त धोक्याचा असू शकतो, आणि नेमका तोच या तपासणीत निसटतो.

पट्टीवर पंधरा मिनिटांत निकाल देणारी झटपट चाचणी आणि प्रयोगशाळेत यंत्रावर मोजली जाणारी एलायझा पद्धतीची चाचणी यांत फरक करायला हवा. सरकारी मोजणीत पक्का रुग्ण एलायझावरच धरतात. सरकारी केंद्रांना लागणारे आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून, म्हणजे एनआयव्हीतून जातात. तालुक्याच्या लॅबमध्ये बहुधा झटपट पट्टीच असते. तिने ‘हो’ म्हटलं तर संशय बळावतो, एवढंच.

लेप्टोतही हाच हिशेब. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो, तेव्हा त्याचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी. प्रतिपिंडं पाचव्या ते सातव्या दिवसानंतर. आपल्या शेतकऱ्याचा आज पाचवा दिवस, म्हणजे तो नेमका सांध्यावर आलाय. आजची आयजीएम निगेटिव्ह आली तरी लेप्टो खोडता येत नाही. संशय दाट असेल तर औषध सुरू करायचं आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासायचं.

मलेरियाचं बरं आहे. परजीवी तांबड्या पेशींतच असतो आणि ताप असताना रक्ताच्या काचेवर दिसू शकतो. रोनाल्ड रॉस यांनी 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. तेव्हापासून तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, तरी मलेरियाच्या निदानासाठी काच आणि सूक्ष्मदर्शकच आजही प्रमाण मानतात. काचेवर रक्ताचे दोन थर करतात. जाड थरात परजीवी आहे की नाही हे कळतं, पातळ थरात कुठल्या जातीचा हे. नीट काम करणारा तंत्रज्ञ निदान शंभर दृश्यक्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहीत नाही. फाल्सिपेरम जातीचा परजीवी वाढीच्या एका टप्प्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतो, फिरत्या रक्तात दिसत नाही. म्हणून संशय असेल तर बारा ते चोवीस तासांनी काच परत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे मलेरिया फार आहे, एका निगेटिव्ह काचेवर कुणी शहाणा माणूस विसंबत नाही. फाल्सिपेरमची झटपट पट्टी उलटी फसवते: उपचार पुरे होऊन परजीवी मेला तरी त्याचं प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं आणि पट्टी पॉझिटिव्हच येते.

आता विडाल. 1896 मध्ये फ्रान्समध्ये निघालेली ही चाचणी आपल्याकडे अजून जोरात आहे आणि ‘टायफॉइड निघाला’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा तिच्याच भरवशावर. तिच्यात टायफॉइडच्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं मोजतात. अडचण अशी की आपल्या देशात पूर्वी कधीतरी संसर्ग झालेल्या किंवा लस घेतलेल्या धडधाकट माणसातही ती थोडीफार सापडतात. दुसऱ्या एखाद्या तापातही त्यांची पातळी वर जाते. शास्त्र असं सांगतं की दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घ्यावं आणि पातळी चौपट वाढली तर टायफॉइड म्हणावा. हे कोण करतं? दुसऱ्या रक्ताची वेळ येईतो एक तर माणूस बरा झालेला असतो, नाहीतर भरती. माझं स्पष्ट मत: एकदाच केलेल्या विडालवर पैसे घालवू नयेत, तेच ब्लड कल्चरवर घालावेत.

ब्लड कल्चरमध्ये जिवाणू बाटलीत प्रत्यक्ष वाढवून दाखवतात आणि कुठलं औषध त्याला मारतं तेही तपासतात. मोठ्या माणसाच्या दर बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त हवं आणि शक्यतो दोन हातांतून दोनदा घ्यायला हवं. दोन मिलिलिटर घेऊन ‘काही वाढलं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण टायफॉइडमध्ये रक्तातल्या जिवाणूंची संख्या मुळातच फार थोडी असते. सगळं नीट केलं तरी अर्ध्या-अधिक रुग्णांतच जिवाणू हाती लागतो. त्यात मंगळवारपासून अँटिबायोटिक चालू असेल तर आणखी कमी. म्हणून रक्त आधी, औषध मग. पाच मिनिटांचा फरक असतो, पण क्रम उलटला की पुढचा आठवडा अंधारात काढावा लागतो.

साध्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, आणि लिव्हरच्या तपासण्यांना लोक कमी लेखतात. डेंगीत पांढऱ्या पेशी खाली, लेप्टोत बहुधा वर. प्लेटलेट दोन्हीत कमी, मलेरियातही कमी, स्क्रबमध्येही. म्हणून ‘प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंगी’ हे समीकरण चुकीचं. काविळीत बिलिरुबिन (कातडी-डोळे पिवळे करणारं द्रव्य) भलतंच वाढलंय पण एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यावर वाढणारं विकर) शे-दोनशेच्या घरात आहे आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलंय, तर लेप्टो समोर येतो. हिपॅटायटिसच्या विषाणूची कावीळ असती तर एसजीपीटी हजारात गेलं असतं.

पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच का?

हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. एक काल्पनिक चाचणी घ्या. आजार असलेल्या शंभरातल्या नव्वदांना ती पकडते आणि आजार नसलेल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर ‘नाही’ म्हणते. ऐकायला उत्तम. आता तापाचे हजार रुग्ण सरसकट तपासले आणि त्यांच्यात खरा आजार फक्त पन्नास जणांना आहे असं धरा. पन्नासांतले 45 पकडले जातील. उरलेल्या 950 मधल्या 95 जणांना चाचणी उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह 140, त्यातले खरे 45. म्हणजे तीन पॉझिटिव्हांमागे दोन खोटे.

तीच चाचणी निवडून केली, म्हणजे लावणीला उतरलेल्या, पोटऱ्या दुखणाऱ्या, डोळे लाल झालेल्या हजार जणांवर, आणि त्यांच्यात खरे रुग्ण चारशे असतील, तर 360 खरे पॉझिटिव्ह आणि 60 खोटे. आता सातांतले सहा खरे. चाचणी तीच, किट तेच. बदललं ते एवढंच की आधी कुणीतरी प्रश्न विचारले होते.

‘फिवर पॅनेल’ नावाने दहा तपासण्या एकदम करायची पद्धत म्हणूनच मला खटकते. दहा चाचण्या केल्या की एखाद-दुसरी उगाच पॉझिटिव्ह यायचीच. मग डेंगी आयजीएम पॉझिटिव्ह, लेप्टो आयजीएम पॉझिटिव्ह, विडाल पॉझिटिव्ह असा कागद येतो आणि घरचे हादरतात: तीन-तीन ताप एकदम! दोन संसर्ग एका वेळी होऊ शकतात, पावसाळ्यात मलेरिया आणि डेंगी जोडीने येतातही. पण डेंगीची आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहते, लेप्टोची त्याहून जास्तही. जूनमध्ये न कळत होऊन गेलेला डेंगी ऑगस्टच्या रिपोर्टात असा हजेरी लावून जातो.

रिपोर्ट यायच्या आधीच औषध

रुग्ण चालत-बोलत आहे, पाणी पितोय, लघवी होतेय, तर एखाद-दोन दिवस पॅरासिटामॉलवर थांबून पाहण्यात गैर नाही. पण श्वास जलद आहे, रक्तदाब पडलाय, बोलणं असंबद्ध आहे किंवा लघवी थांबलीय, तर रिपोर्टची वाट पाहायची नसते. कल्चरचं रक्त काढायचं, मलेरियाची काच करायची आणि त्याच तासाभरात औषध सुरू करायचं. कशावर? त्या भागात, त्या महिन्यात जे जे जीव घेऊ शकतं आणि ज्यावर औषध आहे त्या सगळ्यावर. कोकणातल्या पावसाळ्यात याचा अर्थ बहुधा सेफट्रायॅक्झोन आणि डॉक्सिसायक्लीन दोन्ही. मलेरियाचा दाट संशय असेल तर शिरेतून आर्टेसुनेटही. सेफट्रायॅक्झोन लेप्टो आणि टायफॉइड सांभाळतं, डॉक्सिसायक्लीन स्क्रब आणि लेप्टो. गंभीर स्क्रब टायफसमध्ये शिरेतून डॉक्सिसायक्लीन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र दिलं तर एकेकट्या औषधापेक्षा चांगलं काम करतं, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून पुढे आलं.

हे सगळं अंदाजपंचे वाटेल, पण त्याचा दुसरा अर्धा भाग पाळला तर ते शास्त्रच आहे. तो भाग म्हणजे दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आले की नको ती औषधं काढून टाकणं. सुरू करायला धाडस लागत नाही. बंद करायला लागतं. रुग्ण सुधारतोय, मग कशाला हात लावा, असं म्हणून चार औषधं दहा दिवस चालत राहतात. त्यातूनच औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. टायफॉइडचंच पाहा. एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांनी तो हमखास बरा व्हायचा. आज भारतात त्या औषधावर विसंबता येत नाही. सेफट्रायॅक्झोन किंवा अझिथ्रोमायसिन द्यावं लागतं. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेला टायफॉइडचा जिवाणू तर सेफट्रायॅक्झोनलाही जुमानत नाही.

औषध सुरू झाल्यावरही दिवस मोजणं संपत नाही. स्क्रब टायफसमध्ये डॉक्सिसायक्लीन सुरू केल्यावर साधारण 48 तासांत ताप उतरतो. नाही उतरला तर निदानाचाच फेरविचार करावा. टायफॉइडमध्ये अगदी बरोबर औषध दिलं तरी ताप चार ते सहा दिवस रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी नातेवाईक ‘औषध बदला’ म्हणून मागे लागतात, डॉक्टर बदलतात, आणि सहाव्या दिवशी ताप उतरला की श्रेय दुसऱ्या औषधाला जातं. पहिल्यानेच काम केलेलं असतं.

डेंगीत ताप उतरला की लक्ष द्या

डेंगीचं वेळापत्रक इतरांच्या उलट आहे, म्हणून तो वेगळा सांगायला हवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमके त्याच सुमारास चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे असतात. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, गळून जाणं किंवा अस्वस्थ चुळबुळ, हातपाय गार पडणं, लघवी कमी: यातलं एकही दिसलं तर ताप नसला तरी तडक रुग्णालय गाठायचं.

सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. डॉक्टरांचा डोळा मात्र त्याच कागदावर दोन ओळी वर असलेल्या हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीवर, हवा. तो 40 वरून 48 वर गेला, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढला, तर पाणी झिरपतंय. डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या झिरपण्यामुळे आलेल्या शॉकने, प्लेटलेटच्या आकड्याने नव्हे. रक्तस्राव नसेल तर वीस-तीस हजारांवर प्लेटलेटची पिशवी चढवून फायदा होत नाही. दहा हजारांच्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव असताना तो विचार होतो. उपचार म्हणजे मोजून दिलेलं सलाईन, आणि ‘मोजून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. धोक्याचे दोन दिवस सरले की झिरपलेलं पाणी आपोआप रक्तात परततं. तेव्हाही बाटली चालूच ठेवली तर ते फुप्फुसात साचतं आणि रुग्णाला दम लागतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, आणि ‘लगेच ताप उतरवणारं’ डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर मुळीच नको.

मलेरियाचे चौदा दिवस

मलेरियावर मात्र नेमकी औषधं आहेत. फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिन गटाचं मिश्र औषध तीन दिवस. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीला क्लोरोक्विन तीन दिवस, आणि त्याच्या जोडीने प्रायमाक्वीन चौदा दिवस. क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ताप जातो. यकृतात झोपून राहिलेल्या परजीवींना मात्र ते काही करत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन लागतं, साठ किलोच्या माणसाला रोज पंधरा मिलिग्रॅम. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्यांच्या रक्तात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, म्हणून सोय असेल तिथे आधी तपासून घेतात. सोय नसेल तर रुग्णाला निदान एवढं तरी सांगतात की लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच या.

तीन दिवसांत ताप गेलेला माणूस पुढचे अकरा दिवस गोळ्या घेत बसेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे. दोन-तीन महिन्यांनी, डासांचा हंगाम ओसरल्यावर, तोच माणूस थंडी वाजून परत येतो. काच केली की व्हायवॅक्स. अशा वेळी रक्त काढतानाच विचारून घ्यावं की मागच्या खेपेच्या प्रायमाक्वीनच्या किती गोळ्या पाकिटात उरल्यात.